आमवात, अंगदुखी आणि त्यात दाढ: दातांचं काम कसं निभवायचं

दातांच्या दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बीपी, शुगर आहे का?" आपण म्हणतो, "नाही." मग "आ करा" म्हणतात आणि काम सुरू होतं. आमवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या चालू आहेत, रात्री नसांची म्हणून एक गोळी आहे, मान मागे टाकली की हाताला मुंग्या येतात, यातलं काहीच त्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. तसं कुणी विचारलेलं नसतं, आणि आपल्यालाही वाटतं की सांध्यांचा न् दाढेचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जोडून देण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. माझे सांध्यांचे डॉक्टर संभाजीनगरला आणि दातांच्या मॅडम परभणीला. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. मराठवाड्यात बहुतेकांचं असंच आहे. मोठ्या आजाराचा डॉक्टर मोठ्या गावी, दाताचा जवळच्या गावी, आणि मधे एसटीत बसलेले आपण. आमवात, फायब्रोमायल्जिया (सगळं अंग सतत दुखत राहण्याचा आजार), मणक्याचं जुनं दुखणं, नसांचं दुखणं असं काहीही वर्षानुवर्षं अंगावर घेऊन जगणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी बंद करायची का, किती घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना काय विचारायचं आणि काय सांगायचं, तेवढं इथे आहे.

१. दुखतंय ते दाताचंच आहे का, ते आधी बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. आपलं अंग रोजच कुठे ना कुठे दुखत असतं, त्यामुळे घरचेही म्हणतात, "तुझं तर सगळंच दुखतंय बाई, त्यात दाढेचं काय नवीन?" नाहीतर दुसरं टोक: "काढून टाक की, कटकट गेली." दोन्ही ऐकू नका.

दाताचं दुखणं बहुतेक वेळा आपला पत्ता सांगतं. गार पाणी लागलं की कळ येते आणि पाणी गिळल्यावरही बराच वेळ राहते. गरम चहाने ठणका वाढतो. रात्री आडवं झालं की जास्त. भाकरीचा तुकडा त्याच बाजूला चावला की जीव जातो.

जबड्याच्या सांध्याचं दुखणं वेगळं. ते कानाच्या पुढे असतं, सकाळी उठल्यावर जबडा धरलेला असतो, तोंड उघडताना कट्‌कट्‌ वाजतं, कधी कानच दुखतोय असं वाटतं. आमवात या सांध्यातही उतरतो. फायब्रोमायल्जिया असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे चघळायचे स्नायू दुखरे असतात, आणि झोपेत दात खाण्याची सवय असली तर विचारूच नका.

तिसरं नसेचं. चेहऱ्याच्या एकाच बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ, काही सेकंद, की गेली. तोंड धुताना, दात घासताना, गार वारा लागताना पुन्हा येते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. औषध वेगळं, डॉक्टर वेगळा. या दुखण्यात एकामागून एक चांगले दात काढले गेलेली माणसं सापडतात, आणि कळ तिथेच असते.

म्हणून दात काढायचा किंवा रूट कॅनाल करायचं ठरण्याआधी तीन गोष्टी झाल्या का ते बघा: त्या दाताचा एक्स-रे, दाताला गार लावून तपासणी, आणि दातावर हलकं ठोकून तपासणी. शेजारच्या चांगल्या दाताशी तुलना करून झाली तर उत्तम. तिन्हीत काही सापडलं नाही आणि तरी "काढून बघू" असं कानावर आलं, तर खुर्चीतून उठा आणि दुसरीकडे दाखवा.

आठवडी बाजारात "दाढेतली कीड काढून देतो" म्हणून बसणारे असतात. कापसावर पांढरी अळी काढून दाखवतात. दाताच्या किडीत अळी नसतेच, ती जंतूंनी पाडलेली पोकळी असते. तिकडे फिरकू नका.

२. एक कागद तयार करा

माझ्या मते सगळ्या लेखातलं हेच काम मोलाचं आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

आपल्याकडे फाईल असते जाडजूड. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं. ती पिशवी दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवली तर ते वरचा एक कागद बघून परत देतात. त्यांचाही दोष नाही, बाहेर माणसं थांबलेली असतात. एका पानात मावेल एवढंच लिहायचं, मोठ्या अक्षरात. साधारण असं:

*नाव, वय.*
*आजार: आमवात. सोबत फायब्रोमायल्जिया. मानेच्या मणक्यांत दोष आहे.*
*चालू गोळ्या: मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रविवारी. फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी दिलेल्या वारी. ॲमिट्रिप्टिलिन (नसांची), रोज रात्री. वेदनाशामक गोळी (नाव), लागली तर.*
*आधी घेतलेली: प्रेडनिसोलोन (स्टेरॉईड), अमुक वर्षापर्यंत.*
*हाडांच्या ठिसूळपणाचं औषध किंवा इंजेक्शन: घेतलं आहे / नाही. घेतलं असल्यास नाव आणि कधी.*
*ॲलर्जी: ...*
*मान मागे टाकता येत नाही. तोंड दोन बोटं उघडतं. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आ करता येत नाही.*
*आजाराच्या डॉक्टरांचं नाव आणि फोन.*

मेथोट्रेक्सेटपुढे वार लिहायचाच. ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि चुकून कुणी "रोज" असं समजलं तर जिवावर बेततं. गोळीचं नाव लिहिताना पाकिटावरचं मोठं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं नाव लिहा. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून लिहून घ्या, किंवा सरळ पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

हाडांच्या औषधाची ओळ कित्येकांना फालतू वाटते. ॲलेंड्रोनेटच्या आठवड्याच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा दात काढल्यावर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो. धोका फार मोठा नाही, पण झालं तर प्रकरण लांबतं. आणि हे इंजेक्शन कधीतरी ॲडमिट असताना दिलेलं असतं, घरात कुणाच्या लक्षातही नसतं. जुनं डिस्चार्ज कार्ड काढून बघा.

तोंड किती उघडतं ते घरीच मोजा. आपली बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांत घालायची. सहसा तीन बोटं जातात. दोनच जात असतील तर मागच्या दाढेचं काम अवघड जाणार, हे डॉक्टरांना आधी कळलेलं बरं.

किनवट भागातल्या किंवा जिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे अशा गावच्या लोकांनी गावाचं नावही लिहावं. दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग तर त्या पाण्याने येतातच, पण वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधेही धरतात. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकाच हापशात असू शकतं.

३. आजाराच्या डॉक्टरांना विचारून घ्या

दातांच्या तारखेआधी, शक्यतो फोनवर. नुसतं "दाढ काढायची आहे, चालेल का?" असं विचारलं तर "चालेल" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा:

मेथोट्रेक्सेट किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध चालू ठेवायचं की एखादा आठवडा थांबवायचं? साध्या कामाला सहसा चालू ठेवतात, हिरडीला पू असेल तर निर्णय बदलू शकतो.

स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी डोस तोच ठेवायचा का? स्टेरॉईड स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नसतं, दातासाठी तर नाहीच.

दुखण्यावर आणि जंतूंवर कोणती औषधं मला चालणार नाहीत? मेथोट्रेक्सेटचं काही अँटिबायोटिकांशी पटत नाही. नसांच्या दुखण्यावरच्या कार्बामाझेपिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन घेतलं तर कार्बामाझेपिन रक्तात वाढतं आणि गरगरायला लागतं.

उत्तर चिठ्ठीवर लिहून मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तर व्हॉट्सॲपवर दोन ओळी मागा आणि तो मेसेज दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, घरच्यांच्या तर मुळीच नाही.

४. जायचं कुठे

तीन वाटा आहेत.

सरकारी दवाखाना: जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दात काढणं, साफ करणं, साधं भरणं यासाठी आधी तिथे विचारा. महात्मा फुले जनआरोग्यसारख्या मोठ्या योजनेच्या कार्डावर रूट कॅनाल न् कॅप होईल या भरवशावर मात्र निघू नका, आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती द्यायला बसलेल्या माणसाला) विचारा.

दंत महाविद्यालय: संभाजीनगरला घाटीच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या) परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. लातूर, नांदेड, परभणी इथे खासगी आहेत. खर्च कमी आणि तपासणी बारकाईने होते. जबड्याचं की दाताचं हे कळत नसेल तर मी आधी इथेच जायला सांगेन. संभाजीनगरला तर शेजारीच घाटीची ओपीडी आहे, म्हणजे एकाच फेरीत दोन्हीकडे दाखवता येतं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: काम विद्यार्थी करतात, वरचे सर प्रत्येक टप्पा तपासतात, आणि त्यामुळे खुर्चीत बसायचा वेळ वाढतो. चांगल्या अंगाच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आपल्या मानेला आणि जबड्याला वाटतं. तिथे गेलात तर पहिल्याच दिवशी कागद दाखवून सांगा, "मला जास्त वेळ बसवत नाही, काम तुकड्यांत करा." पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे देता आलं तर बघा म्हणून विनंती करा. ऐकतात.

खासगी दवाखाना: जवळ, लवकर, पण पैसे लागतात. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. रूट कॅनालचे आणि कॅपचे पैसे वेगळे असतात, दोन्ही मिळून किती ते आधीच लिहून घ्या. नाहीतर हमखास काय होतं, तर रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, कॅपचे पैसे नंतर बघू म्हणून राहिलं, आणि पोकळ झालेली दाढ एके दिवशी हुरडा खाताना उभी चिरली. मग काढण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्हीचे पैसे नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही वेळा साध्या भरण्यावर भागतं, काही वेळा काढून टाकणंच शहाणपणाचं ठरतं. पण ते आधी ठरू द्या.

५. तारीख आणि वेळ

आमवात असेल तर सकाळी अंग आखडलेलं असतं. पहिला नंबर घेऊ नका, अकरा-साडेअकराची वेळ मागा. सरकारी ओपीडीत हे जमत नाही, तिथे सकाळीच केसपेपर काढावा लागतो. मग सोबतच्या माणसाला रांगेत उभं करा आणि आपण बाकड्यावर बसा. फायब्रोमायल्जियाच्या माणसाने आपली बरी वेळ ओळखून मागावी, ती प्रत्येकाची वेगळी असते.

लागोपाठच्या दोन तारखा घेऊ नका. मधे आठवडाभर तरी अंगाला सावरू द्या. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, घरचं लग्न या धामधुमीत मोठं काम काढू नका. आणि उलटही तितकंच खरं: "सुगी झाल्यावर बघू" म्हणून पू झालेली दाढ लांबवू नका.

एप्रिल-मेमध्ये जायचं तर मात्र सकाळचंच बघा. उन्हात बाहेरगावी जाऊन, बधीर तोंडाने, पाणी नीट पिता येत नसताना दुपारच्या एसटीने परत येणं म्हणजे दोन दिवसांचं आजारपण. एसटीत मधली सीट धरा. मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या सीटवर एक-एक खड्डा मणक्यात वाजतो. महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, तेव्हा सोबतीला आईला किंवा सासूबाईंना न्यायला हरकत नाही, फक्त त्यांचं ओळखपत्र विसरू नका.

लहान गावात आणखी एक विचारून घ्या: लाईट गेली तर खुर्ची चालेल का? अर्धी दाढ कोरलेली आणि इन्व्हर्टर नाही, हे होतं.

६. सोबत काय न्यायचं

- तो एक पानाचा कागद, दोन प्रती. एक त्यांच्याकडे राहू द्या.
- चालू गोळ्यांची पाकिटं किंवा फोटो. अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट, त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दिसतात.
- आधार कार्ड, रेशनकार्ड, जुना केसपेपर असेल तर तो. दाताचे आधीचे एक्स-रे.
- दोन जुने टॉवेल आणि एक छोटी उशी.
- वेळेची गोळी, पाण्याची बाटली, ओठांना लावायला व्हॅसलीन.
- खिशात काहीतरी मऊ खायला. केळं बरं.

उपाशीपोटी जाऊ नका. भूल फक्त दाढेपुरती असते, त्यासाठी पोट रिकामं लागत नाही. एकादशीचा किंवा वाराचा उपवास असेल तर तारीख पुढे-मागे करा. रिकाम्या पोटी इंजेक्शनच्या भीतीने चक्कर येते, वर वेदनाशामक गोळी पोट जाळते.

७. खुर्चीत

खुर्ची पूर्ण आडवी करतात ती डॉक्टरांच्या सोयीने. अर्धवट टेकून बसूनही बरंचसं काम होतं. एक टॉवेल गुंडाळी करून मानेच्या खोलगट भागात, डोक्याखाली नव्हे. उशी गुडघ्यांखाली. दुसरा टॉवेल कमरेला. हे सगळं डॉक्टर आत यायच्या आधी मांडून घ्या, तिथल्या ताई मदत करतात.

आमवाताच्या लोकांसाठी मानेची गोष्ट आखडण्यापुरती नाही. जुन्या आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली जोडणी सैल झालेली असू शकते. अशी मान जोरात मागे वाकवणं धोक्याचं असतं. मान मागे गेल्यावर हातापायांत मुंग्या किंवा झटका येत असेल तर आजाराच्या डॉक्टरांकडून मानेचा एक्स-रे झाल्याशिवाय दातांच्या खुर्चीत बसू नका.

तोंड उघडं ठेवायला दातांमध्ये ठेवायचा एक रबरी ठोकळा मिळतो. "तोंडात ठेवायचा ठोकळा आहे का?" असं विचारा. त्याने जबड्याच्या स्नायूंवरचा ताण खूप कमी होतो, कारण तोंड आपण धरून ठेवत नाही, ठोकळा ठेवतो. तरीही दर दहा मिनिटांनी तोंड मिटायला मिळालं पाहिजे. डावा हात वर केला की थांबायचं, हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या. तोंडात यंत्र असताना बोलता येत नाही आणि "अं अं" म्हणण्याला कुणी भीक घालत नाही.

इंजेक्शनचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपली फजिती इथेच होते. आधी हिरडीला बधिर करणारा स्प्रे किंवा जेल लावून घ्या, आणि इंजेक्शन हळूहळू द्यायला सांगा. दुखतं ते सुईपेक्षा औषध जोरात सोडल्याने. त्या औषधात लिग्नोकेनसोबत बहुतेक वेळा ॲड्रेनलिन असतं. त्याने काही मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात. ती ॲलर्जी नाही, आपोआप थांबतं. पण ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हे देताना डॉक्टर मात्रा जपून ठेवतात, म्हणून तर कागदावर त्या गोळीचं नाव हवं.

पू झालेली, सुजलेली दाढ लवकर बधिर होत नाही. तुम्ही नाजूक आहात म्हणून नव्हे, संसर्गाच्या जागी औषधाचा जोर कमी पडतो म्हणून. अशा वेळी आधी सूज उतरवून मग काम करतात, किंवा दुसऱ्या जागी आणखी इंजेक्शन देतात. बधिर झालं का हे विचारतील तेव्हा नुसतं "हो" म्हणू नका. ओठ जड झाला का, जीभ जड झाली का, दाताला टोचलं तर काय वाटतं, एकेक सांगा. आणि दाब आणि कळ यांत फरक करा. भूल कळ घालवते, दाब घालवत नाही. दाढ काढताना दाबल्यासारखं, ओढल्यासारखं, कर्रकन आवाज असं सगळं होतं, ते ठीक. टोकदार कळ आली तर डावा हात वर.

वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय लागलेली असते. कण्हलं तर घरात कुणी लक्ष देत नाही, न कण्हलं तर दुखत नाही असं धरतात. दातांच्या खुर्चीत हे सोसणं कामाचं नाही. तिथली कळ थांबवता येते, आणि ती थांबवून घेणं हा तुमचा हक्क आहे.

८. चिठ्ठीवरच्या गोळ्या

काम झालं की चिठ्ठी हातात येते. तिथेच वाचा, मेडिकलच्या काउंटरवर नको.

सगळ्यांत नेहमीची अडचण म्हणजे एकच औषध दोनदा. तुम्ही आधीच वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक घेत असता, चिठ्ठीवर केटोरोलॅक येतं. नावं वेगळी, जात एकच. दोन्ही मिळून पोटाला आणि किडनीला त्रास देतात. पॅरासिटामॉलचंही तेच. ते कितीतरी जोडगोळ्यांत लपलेलं असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. "ही चालू असताना माझी नेहमीची बंद ठेवू का?" हा प्रश्न न विचारता दवाखाना सोडू नका.

ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहिलं असेल आणि तुम्ही नसांच्या दुखण्यावर ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन घेत असाल तर दोन्ही एकत्र चालतात का हे पक्कं करा. ही जोडी काहींना भोवते: अंग थरथरणं, घाम, घबराट, क्वचित फिट.

पहिली गोळी बधिरपणा जायच्या आत घ्या. कळ चढल्यावर मागे लागण्यापेक्षा हे फार सोपं. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर गोळी ठेवायची पद्धत अजून चालते. ती सोडा, हिरडी भाजते. लवंगेचं तेल कापसाला किंचित लावून चालेल, ओतायचं नाही.

९. घरी आल्यावर

दाढ काढली असेल तर कापूस साधारण पाऊण तास दाबून धरा. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, नळीने प्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी. तंबाखू आणि मिशरी बंद, निदान जखम भरेपर्यंत. जखमेतली गुठळी निघाली की उघड्या हाडाचा जो ठणका सुरू होतो, त्यापुढे मूळ दाढदुखी परवडली. दुखणं थांबतं म्हणून मिशरी लावणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना एवढंच सांगा की आठ दिवस थांब.

खायला ताक-भात, पातळ पिठलं, कण्या, मऊ खिचडी, वरणात कुस्करून भिजवलेली भाकरी. कडक भाकरी, ठेचा, शेंगदाणे नंतर. ओठ बधिर असेपर्यंत काही चावू नका, गाल चावला जातो आणि कळतही नाही.

आता आपला खास मुद्दा. दाढ बरी होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं अंग पेटतं. मान, खांदे, पाठ, कुठे हात लावू देत नाही. ही दाढेची गडबड नाही, अंगाने घेतलेला धसका आहे. हा भडका येणार हे धरूनच चाला. ते दोन-तीन दिवस आधीच मोकळे ठेवा, दळण आणून ठेवा, पाणी कोण भरणार ते ठरवा. "दाताला काय एवढं?" असं घरात कुणी म्हटलं तर वाद घालत बसू नका, पांघरूण घेऊन झोपा. जबड्याला बाहेरून गरम कपड्याचा शेक काहींना बरा वाटतो. मात्र दाढ काढल्याच्या पहिल्या दिवशी शेक नको, तेव्हा बर्फ.

१०. हे दिसलं तर वाट बघू नका

सूज गालावरून गळ्याकडे उतरते आहे, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला जड जातं, थंडी वाजून ताप आहे: यातलं काहीही झालं तर दातांच्या दवाखान्याची वेळ न बघता सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. रात्र असेल तरी. १०८ ला फोन लावा. स्टेरॉईड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ताप कमी दिसू शकतो, म्हणून ताप नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका, सूज बघा.

११. पुन्हा खुर्चीत बसायची वेळ लांबवायला

नसांच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात, विशेषतः हिरडीलगत. डोळेही कोरडे वाटत असतील तर ते सांध्यांच्या डॉक्टरांना सांगा, आमवातासोबत असा आजार असतो. तोंड ओलं ठेवायला लिमलेटच्या गोळ्या चघळू नका, साधं पाणी घोट-घोट प्या. बडीशेप चालेल, साखर लावलेली नको. फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि रात्री घासल्यावर फक्त थुंका, चूळ भरू नका. पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त असलेल्या गावच्यांनी पेस्टचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

बोटं वळत नसतील तर ब्रशची दांडी जाड करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून दांडीवर चढवायचा, सैल झाला तर आधी कापडाची पट्टी गुंडाळायची. मूठ पूर्ण मिटावी लागत नाही आणि ओल्या हातातून सटकतही नाही. ब्रश मऊ घ्या. हात दुखतो त्या दिवशी ब्रश स्थिर धरून डोकं हलवलं तरी दात घासले जातात, आरशात बघू नका म्हणजे झालं. हिरड्यांची सूज आणि आमवात यांचा एकमेकांशी संबंध दिसून आलेला आहे, तेव्हा सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायची तारीख सांध्यांच्या तपासणीच्या तारखेसोबतच कॅलेंडरवर लिहा. त्याच वेळी तो एक पानाचा कागदही नवा करा. गोळ्या बदललेल्या असतात.